पॉवरबोटीच्या केबिनमध्ये एसी बसवायचा आहे, काय काय बघावं?

दांडियाबाजारकर | ११ एप्रिल
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा. मेहुणे आणि मी मिळून एक वापरलेली पॉवरबोट घेतली आहे. ३४ फुटी, फायबरची, अमेरिकन बनावटीची, दोन डिझेल इंजिनं. बोट मांडव्याला असते. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, शनिवारी काशीद नाहीतर मुरूडपर्यंत जायचं आणि रात्री नांगर टाकून बोटीतच झोपायचं, असा बेत असतो.

झोपणं मात्र जमत नाही. एप्रिल लागला की खालची केबिन अशी तापते की रात्री अकराला छताला हात लावला तरी ऊब लागते. वारा पडला की अंथरूण घामाने ओलं. यंदा आई-बाबांना न्यायचं आहे, बाबांना बीपीचा त्रास आहे, त्यामुळे आता हे चालवून घेता येणार नाही.

बोटीत मूळचा एसी आहे, बंद पडलेला. विजेचं सगळं पॅनेल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. ५ किलोवॅटचा डिझेल जनरेटर आहे, तो चालतो. दोन टनाचं एकच मशीन टाकून खालची केबिन आणि वरचं काचेचं सलून (बसायची खोली) दोन्ही गार होतील का? घरचा स्प्लिट बसवला तर काय बिघडेल? की ट्रान्सफॉर्मर लावून जुनाच दुरुस्त करून वापरावा? बोट बांधतो तिथे काठावर आपली नेहमीची २३० व्होल्टची वीज मिळते. मेअखेर बोट पाण्याबाहेर काढतो, म्हणजे जे करायचं ते पावसाळ्यात.

वाडीकर | ११ एप्रिल
घरचा स्प्लिट लावा आणि मोकळे व्हा. आलेप्पीला हाऊसबोटीत राहिलो होतो. भिंतीवर आपल्या घरासारखाच स्प्लिट, मागे जनरेटर. रात्री नऊला सुरू, सकाळी सहाला बंद. झोप झकास लागली. तिथे इतक्या बोटींवर चालतंय, तुमच्या एका बोटीवर का चालू नये?

थंडगार | १२ एप्रिल
वाडीकर, तिथे चालतं त्याला कारणं आहेत. हाऊसबोट बॅकवॉटरमध्ये संथ जाते आणि रात्री काठाला बांधलेली असते. दांडियाबाजारकरांची बोट खुल्या समुद्रात लाटांवर आपटत जाणार. स्प्लिटचं बाहेरचं युनिट हवेवर गार होतं. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाऱ्या हवेत पांढऱ्या पडून झडतात. समुद्रासमोरच्या इमारतींत हेच बघायला मिळतं, मग डेकवर तर रोज अंगावर तुषार. आणि ते खोकं ठेवणार कुठे? डेकवर ठेवलं तर जायला-यायला वाट राहत नाही, छपरावर ठेवलं तर वजन वर जाऊन बोट जास्त डुलते.

बोटीसाठी बनवलेल्या एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, समुद्राच्या पाण्यावर गार होतो. बुडाच्या भोकातून पाणी आत, मग सीकॉक (ते भोक बंद करायचा वाल्व), मग गाळणी, मग पंप, मग कंडेन्सरची क्युप्रोनिकलची (तांबं-निकेलची) नळी, आणि गरम झालेलं पाणी बाजूने बाहेर. अख्खं युनिट बर्थखाली मावतं. टनामागे मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागतं आणि बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्यापेक्षा ५-६ अंश गरम असतं. हा फरक अधूनमधून थर्मामीटर धरून बघत जा. वाढला की समजायचं, पाणी कमी पडतंय: गाळणी तुंबली, पाइप दबला किंवा बुडाच्या भोकात शिंपले वाढले.

आता दोन टनांचं. बोटवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की डेकखालच्या जागेला चौरस फुटामागे ६० बीटीयू (गारव्याचं माप, १२,००० म्हणजे एक टन), मधल्या मजल्याला ९० आणि डेकवरच्या काचेच्या जागेला १२०. आपल्याकडच्या उन्हाला यावर भर घालावी लागते. तुमची खालची केबिन किती चौरस फूट आहे?

दांडियाबाजारकर | १२ एप्रिल
खालचं सगळं धरून १३० च्या आसपास. वरचं सलून साधारण ९०.

थंडगार | १२ एप्रिल
मग खाली १३० गुणिले ६०, म्हणजे ७,८००. उन्हाची भर घालून १०,००० ते १२,०००. म्हणजे खाली एक टन पुरे. वर ९० गुणिले १२०, म्हणजे १०,८००, आणि तीन बाजूंनी काच असल्यामुळे दुपारी तेही अपुरं पडेल.

एकाच दोन टनी मशीनने दोन्हीकडे हवा सोडायची कल्पना मला पटत नाही. रात्री वरचा भाग बंद केलात की ते मशीन खालच्या केबिनला फार मोठं होतं. पाच मिनिटांत गार करून थांबतं, पुन्हा सुरू होतं. हवा गार होते पण तिच्यातला ओलावा निघत नाही, कारण त्यासाठी मशीन सलग चालावं लागतं. मग केबिन गार पण दमट, गाद्यांना वास, कपाटात बुरशी. समुद्रावर माणसाला निम्मा त्रास ओलाव्याचाच होतो. खाली एक टन बसवा, वरचा विचार वेगळा करा.

ऊन_सावली | १२ एप्रिल
मांजलपूरला आमचा डेझर्ट कूलर मे महिन्यात जबरदस्त चालतो, बाहेर ४३ असतानाही खोली गार. वीज अगदी थोडी लागते. बोटीत एक छोटा का नाही ठेवत?

काठावरची | १२ एप्रिल
ऊन_सावली ताई, मी मूळची बाबाजीपुऱ्यातली, आता सासर रेवदंड्याला. माहेरचा कूलर इकडे आणला होता. इकडच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की पाणी उडतच नाही, मग गारवा कसला? नुसती ओली झुळूक. बडोद्याचा कोरडा मे आणि कोकणातला मे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दांडियाबाजारकरभाऊ, एसीच्या आधी ऊन अडवा. आमच्या शेजाऱ्यांनी बोटीच्या सगळ्या हॅचना (डेकमधल्या उघडत्या झरोक्यांना) बाहेरून पांढऱ्या कापडाची झाकणं शिवून घेतली. आतून पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, म्हणून झाकण बाहेरूनच हवं. डेकच्या खालच्या बाजूला इन्सुलेशनचा फोम चिकटवला की छताला ती ऊब लागत नाही. खर्च थोडा, आणि मशीनला अर्धं काम कमी.

मकरपुरा_वाइंडर | १३ एप्रिल
विजेबद्दल मी लिहितो, मोटार वाइंडिंगचं माझं दुकान आहे.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झच्या मोटारीला ५० हर्ट्झवर तेवढेच व्होल्ट दिले तर कोअर सॅच्युरेट होतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. ११५ व्होल्टची मोटार ५० वर चालवायची तर व्होल्टही त्याच प्रमाणात खाली आणावे लागतात, म्हणजे सुमारे ९६. तशी चालली तरी वेग सहात एक भाग कमी, म्हणजे कॉम्प्रेसर कमी गार करणार आणि पंप कमी पाणी देणार. बंद पडलेल्या मशीनसाठी एवढा खटाटोप करू नये. नवीन युनिट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच घ्या. पंपही बदला, तो विसरतात आणि जुना ११५ चा तसाच राहतो.

जनरेटर: ६० हर्ट्झचा चार पोलचा असेल तर १८०० आरपीएमवर फिरतो, ५० साठी १५०० वर आणावा लागेल. ताकद त्याच प्रमाणात उतरते, ५ चे ४ किलोवॅट धरा. एक टनाला चालताना हजार ते बाराशे वॅट आणि पंपाला शंभरेक, म्हणजे ४ खूप झाले. अल्टरनेटरमधून चार वायरी निघत असतील तर १२० च्या दोन वाइंडिंग सिरीजमध्ये जोडता येतात. पण १५०० ला आणल्यावर २४० चे २०० होतात. एव्हीआर (व्होल्ट सांभाळणारा भाग) ते वर ओढू शकतो का, हे मशीनच्या पुस्तकात बघूनच हात घाला. सुरू होताना कॉम्प्रेसर काही क्षण कितीतरी पट करंट मागतो, म्हणून सॉफ्ट स्टार्टर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकन वायरिंगमध्ये १२० व्होल्टच्या एसी (अल्टरनेटिंग) करंटची काळी वायर लाइव्ह असते, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. शिवाय बोटीच्या बॅटरीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे निगेटिव्ह. तुमच्या पॅनेलच्या मागे या दोन्ही काळ्या वायरी शेजारी-शेजारी असणार. घरगुती वायरमनने काळी वायर न्यूट्रल समजून हात लावला तर माणूस जाऊ शकतो. जुनं १२० चं वायरिंग पूर्ण काढून टाका, २३० चं वेगळं पॅनेल वेगळ्या डब्यात करा, ३० मिलीअँपिअरचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नाव लिहा.

हिशेबनीस | १३ एप्रिल
रात्रभर जनरेटरची घरघर कशाला? आता लिथियम बॅटऱ्या आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा एक टन, केबिन गार झाल्यावर सरासरी ६०० वॅट. पंप १००. आठ तासांचे ५.६ युनिट. इन्व्हर्टरचा तोटा धरून सव्वासहा. बॅटरी ८० टक्केच वापरायची म्हटलं तर पावणेआठ युनिटची बँक, म्हणजे १२ व्होल्टवर सहाशे अँपिअर-तास. ४८ व्होल्टवर घेतली तर दीडशेच्या आसपास आणि केबलही बारीक. आवाज नाही, धूर नाही.

मकरपुरा_वाइंडर | १३ एप्रिल
हिशेब बरोबर आहे. भरणार कशी?

हिशेबनीस | १३ एप्रिल
बांधलेली असताना काठावरच्या विजेवर. समुद्रावर असताना इंजिनाच्या अल्टरनेटरवर.

मकरपुरा_वाइंडर | १३ एप्रिल
जुन्या इंजिनाच्या अल्टरनेटरमधून सलग ५० अँपिअर मिळाले तरी ते पावणेसातशे वॅट. सव्वासहा युनिट भरायला नऊ तास इंजिन चालवणार? एक रात्र राहून परत येणार असाल तर बॅटरीची योजना उत्तम, दुसऱ्या रात्रीला जनरेटर लागणारच. आणि लिथियम रिकामी असताना अल्टरनेटरला पूर्ण ताकदीने खेचते, तो जळू नये म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा.

जनरेटरची दुसरी बाजूही सांगतो. डिझेल जनरेटर रात्रभर अगदी हलक्या भारावर चालवला तर त्यात काजळी धरते. फक्त एक टनावर ठेवण्यापेक्षा त्याच वेळी बॅटरी चार्जरही चालू ठेवा, म्हणजे भार योग्य राहतो आणि पहाटे जनरेटर बंद करून उरलेली झोप बॅटरीवर काढता येते. मला विचाराल तर दोन्हींची जोड हाच तुमच्या वापराला बरा मार्ग.

वाडीकर | १४ एप्रिल
एवढं सगळं उलगडत बसण्यापेक्षा पेट्रोलचा हातात उचलता येणारा छोटा जनरेटर आणा आणि मागच्या पायरीवर ठेवा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीत घालून नेता येईल. लग्नकार्यात आपण वापरतोच की.

काठावरची | १४ एप्रिल
वाडीकरदादा, हे कृपया कुणी करू नका. मी परिचारिका आहे, म्हणून कळकळीने सांगते.

पेट्रोल जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. बोटीच्या मागच्या बाजूला हवेचा भोवरा तयार होतो आणि मागे सोडलेला धूर फिरून केबिनमध्येच येतो. नांगरावर असताना शेजारच्या बोटीचा धूरही येतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. बोटीवर हे झालं की सगळे म्हणतात बोट लागली, पडून राहा, आणि त्या माणसाला नेमकं केबिनमध्ये नेऊन झोपवतात. एसी चालू म्हणून हॅचही बंद. झोपलेला माणूस मग उठत नाही.

एसी लावून दारं-खिडक्या बंद करून झोपणार असाल तर जनरेटर कुठलाही असो, झोपायच्या प्रत्येक जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. बोटीसाठीचाच घ्या. तुमच्या बाबांसाठी एसीपेक्षा हा आधी घ्या.

वाडीकर | १४ एप्रिल
ताई, लक्षात आलं. ती सूचना मागे घेतो.

जुना_खलाशी | १५ एप्रिल
धागा आज वाचला. दहेज बंदरात टगवर (जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) बरीच वर्षं काढली आहेत. पाण्याचं कुणी खोलात लिहिलं नाही, ते लिहितो.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात जास्त, आणि नर्मदेच्या मुखाशी पाणी म्हणजे पातळ चिखल. २०१७ मध्ये घोघा-दहेज फेरी सुरू झाली ती पुढे दहेजच्या बाजूला गाळ साचत राहिल्याने थांबली आणि २०२० मध्ये हजिऱ्याहून सुरू करावी लागली. आमच्या टगवर गाळण्या जोडीने बसवलेल्या असत, मध्ये वाल्व. एकीतून पाणी चालू ठेवून दुसरी साफ करायची. मांडव्याला तेवढा गाळ नाही, पण मुंबई बंदराचं पाणीही गढूळच, वर प्लास्टिकच्या पिशव्या आणि हंगामात जेलीफिश. गाळणी अशा जागी बसवा की रात्री झोपेतून उठून एका हाताने उघडता येईल. बर्थ उचलून, गादी काढून, पालथं पडून पोचायचं असेल तर ती कुणी साफ करणार नाही.

पॉवरबोटीची एक खास अडचण आहे. बोट वेगात पाण्यावर उठली की बुडाखाली हवेचे बुडबुडे धावतात. भोक पुढे किंवा कडेला असेल तर पाण्याऐवजी हवा आत येते. एसीचा पंप सेंट्रिफ्यूगल असतो, हवा शिरली की तो नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. मग तुम्ही काशीदला थांबता, एसी लावता आणि तो हाय प्रेशर दाखवून बंद होतो. म्हणून भोक मागच्या बाजूला आणि मधल्या कण्याच्या जवळ, खोल पाण्यात. बाहेरून स्कूप (पाणी आत वळवणारी टोपी) लावाल तर त्याचं तोंड पुढे. पंप पाण्याच्या पातळीच्या खालीच. भोकापासून पंपापर्यंत आणि पंपापासून युनिटपर्यंत पाइप सतत चढत गेला पाहिजे, मध्ये कुठे वर जाऊन खाली उतरला की त्या वळणात हवा अडकते.

इंजिनाच्या पाण्याच्या लाइनमधून फाटा काढू नका, एसीला स्वतंत्र भोक द्या. सीकॉक ब्रॉन्झचा, पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला स्टीलच्या दोन क्लिपा. बोट सोडून जाताना एसी बंद, सीकॉकही बंद. पंपानंतरचा पाइप सुटला तर तो पंप समुद्र उपसून बोटीत भरत राहतो.

ऊन_सावली | १५ एप्रिल
जुना_खलाशी काका, हे वाचून आपल्या मगरींच्या विश्वामित्री नदीत बोट घालायचा माझा विचार रद्द. तिथे गाळणीत मगर अडकायची.

जुना_खलाशी | १५ एप्रिल
मगरीचं सोडा, वजनाचं बोलतो. ४ किलोवॅटचा डिझेल जनरेटर सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात, तो आधीच आहे. त्यात एसीचे पंचवीस-तीस किलो आणि बॅटऱ्यांचे सत्तर-ऐंशी. म्हणजे दीड माणसाची भर. ती सगळी एका बाजूला गेली की बोट तिरकी बसते. जितकं वजन चढवाल तितकी माणसं कमी न्या, बोटीच्या प्लेटवर लिहिलेला आकडा पाळा. हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला काय झालं ते आपल्या बडोद्यात कुणाला सांगायला नको. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही, आणि बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलावच होता तो. आई-बाबांना जॅकेट घालूनच बसवा, उकडलं तरी.

काठावरची | १५ एप्रिल
काकांशी शंभर टक्के सहमत.

दांडियाबाजारकर | १७ एप्रिल
मेहुण्यांबरोबर बसून सगळं वाचलं. सर्वांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: फक्त खालच्या केबिनला १२,००० बीटीयूचं, २३० व्होल्ट ५० हर्ट्झचं पाण्यावरचं युनिट. जुनं वायरिंग काढून नवं पॅनेल. जनरेटरची प्लेट आणि पुस्तक मकरपुऱ्याला दाखवायला आणतो. एका रात्रीपुरती बॅटरी. वरच्या सलूनला सध्या बाहेरून झाकणं आणि दोन पंखे. अलार्म कालच मागवले.

एक शंका राहिली. युनिट बर्थखाली बसवलं तर एसीतून गळणारं पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) सोडू का? आणि जाळी किती मोठी ठेवायची? सुतार म्हणतोय छोटी ठेवू, बरी दिसेल.

थंडगार | १७ एप्रिल
सुताराचं ऐकू नका. परतीच्या हवेची जाळी कंपनीने दिलेल्या मापापेक्षा लहान केली तर कॉइलवर बर्फ धरतो. परतीची जाळी खाली, गार हवेचं तोंड वर छताजवळ, आणि दोन्ही एकमेकांसमोर येऊ देऊ नका, नाहीतर गार हवा तशीच परत मशीनमध्ये जाते. युनिटच्या बर्थचा कप्पा इंजिनरूमच्या बाजूने पूर्ण बंद करा, तिकडची हवा कणभरही आत येता कामा नये.

पाणी बिल्जमध्ये नको. कोकणातल्या दमट रात्री एक टन मशीन तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतं, ते साचून कुजतं. आणि त्या नळीतून बिल्जची हवा, म्हणजे इंजिनाचा वायूही, उलट केबिनमध्ये ओढला जाऊ शकतो. वेगळा छोटा संप-बॉक्स आणि त्याचा पंप लावून बाहेर सोडा. नळीला पाण्याचा ट्रॅप (पाणी साचून हवा अडवणारा बाक) द्या.

मकरपुरा_वाइंडर | १७ एप्रिल
प्लेटचा फोटो आधी पाठवा, मशीन उचलून आणू नका. शनिवारी दुपारी आलात तर शेव-उसळ खाता खाता बघू.

दांडियाबाजारकर | १७ एप्रिल
फोटो रात्री पाठवतो. काका, भोक पाडायला यार्डातला माणूस जूनमध्ये येतोय. बोट परत पाण्यात सोडताना काही विशेष बघायचं?

जुना_खलाशी | १८ एप्रिल
हो. क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नका. बोट पट्ट्यांतच असू दे, पाण्यावर तरंगली की टॉर्च घेऊन तुम्ही स्वतः खाली जा. आधी सीकॉक बंद ठेवून नव्या भोकाभोवती हात फिरवा. कोरडं असेल तर सीकॉक उघडा, प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर टेकवून बघा, मग पंप चालू करून पुन्हा बघा. क्रेनवाला घाई करेल, वर थांबायला मेहुण्यांना सांगा. सगळं कोरडं दिसलं की मगच पट्टे सोडायला हात करा.